खडूची चूल

टोपीतली चिठ्ठी उघडून गोपालनं वाचली आणि कपाळाला हात लावला. चिठ्ठीवर 'चूल' असं लिहिलं होतं.

"फुक बाई, फुक," मागून आसिम म्हणाला.

सहावी-सातवीचा वर्ग शाळेच्या ओसरीवर जमला होता. निवृत्ती गुरुजींनी फरशीवर खडूनं एक घर काढलं होतं. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्या कोपऱ्यात बाज, पलीकडे अंगण. गुरुजींची नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, पण शनिवारी ते शाळेत येत. त्यांना कोणी बोलावलेलं नसे. आजचा खेळ सोपा होता. चिठ्ठीत जे निघेल ते काम करायचं, मुलगा असो की मुलगी.

गोपाल खडूच्या चुलीपाशी मांडी घालून बसला.

"मांडी घालून कोन फुकते बे चूल?" गुलनाज म्हणाली. "उकिडवा बस."

तो उकिडवा बसला. लाकडी पट्टी फुंकणीसारखी तोंडाला लावली, खोकला, कण्हला, डोळे चोळले. पोरं पोट धरून हसली. थोड्या वेळानं त्याचं खोटं कण्हणं खरं झालं.

"गुरुजी, पाय दुखून राह्यले."

"घरी कोनाचे दुखतात?" गुरुजींनी विचारलं.

"मायचे," गोपाल म्हणाला. मग जरा थांबून, "अन् छकुलीचे."

छकुली त्याची धाकटी बहीण, सहावीतली. तिच्या चिठ्ठीत 'मिस्त्री' आला होता. खऱ्या अंगणात गुरुजींनी आणलेली सौरपेटी होती, काळ्या रंगाचा खोका, वर काच आणि झाकणाला आरसा. आरसा सैल होऊन लोंबत होता. छकुलीनं पेचकस घेऊन बिजागरी आवळली. मग आरसा थोडा थोडा वळवत नेला, तोवर आतल्या डब्यावर ऊन नीट पडलं. डब्यात तांदूळ होते. काही वेळानं काचेवर वाफ धरली.

"पाह्यलं?" गुरुजी वर्गाला म्हणाले. "मिस्त्रीनं पेटी नीट केली, आता चुलीवरच्याले उठता येते."

गोपाल उठून नाचला. छकुलीचं लक्ष नव्हतं. ती अजून बिजागरीकडे पाहत होती.

"गुरुजी, हे काम शिकायले कुठी जावं लागते?"

"बुलडाण्याले, आयटीआयमधी. पण आधी दहावी."

"मंग दहावी करणारच," छकुली म्हणाली.

तेवढ्यात तिची आई, तानुबाई, ओसरीपाशी येऊन उभी राहिली. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळली झाडं, उपटायचा लोखंडी चिमटा खांद्यावर होता. तळहाताला चिंधी बांधलेली होती.

"गुरुजी, छकुलीले न्यायले आली. आता तिचं शाळेत येनं नाही होणार."

"काऊन?"

"यंदा कापूस अळीनं खाल्ला. अळी लागत नाही म्हणून बीटी पेरला, अन् ज्या बोंडात पाहा त्या बोंडात अळी. चुलीत घालाले जळतन तेवढं मोप झालं." तिनं चिमटा भिंतीला टेकवला. "आमी दोघं नवरा-बायको उद्या धाडवरून बसनं सुरतेले जाऊन राह्यलो, मिलमंदी. घरी म्हातारा सासरा हाये, गोपाल हाये. भाकरी कोन टाकन?"

"गॅस आहे ना घरी?"

"हाये ना. रिकामा. त्याच्यावर माठ ठेवते."

"मंग ही पेटी घेऊन जा. दोघं भाऊ-बहीण मिळून करतील. सकाळी उन्हात ठेवली की शाळा सुटेपर्यंत भात तयार."

तानुबाईनं वाकून काचेतून पाहिलं. "बरी हाये. पण म्हाताऱ्याले उजाडायच्या आंधी भाकर लागते, गुरुजी. तवा ऊन कुठचं?"

तानुबाईची नजर फरशीवरच्या घरावर गेली. गोपाल पुन्हा चुलीपाशी जाऊन बसला होता.

"सरक, बाबू."

तो सरकला. ती त्याच्या जागी बसली. बसता बसता तिचा हात आपोआप पुढं झाला, लाकूड आत सारावं तसा. पोरं हसली, तीही हसली.

"तुमचा खेळ समजला मले," ती म्हणाली. "उद्या मी इथून उठते. मंग इथं कोन बसते ते सांगा. कोनी 'मी बसतो' म्हटलं, त छकुलीची शाळा नाही सोडवत. तुमच्यासमोर सांगते."

मुलांना प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहणं गुरुजींना चांगलं जमत असे. त्यांनी वाट पाहिली. मग त्यांनी गोपालकडे पाहिलं. सगळा वर्ग गोपालकडे पाहू लागला. अंगणात छकुली पेचकस हातात घेऊन उभी होती. तीही त्याच्याचकडे पाहत होती.

"सांग गोपाल," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "मघाशी किती छान बसला होतास."

गोपालचे कान लाल झाले. त्यानं हातातली पट्टी खाली ठेवली.

"खेळात बसतो ना मी, गुरुजी."

कोणी हसलं नाही. आसिम मान खाली घालून पायाचं नख कुरतडू लागला.

तानुबाई गुडघ्यांवर हात टेकून उठली. लुगड्याला लागलेला खडू तिनं झटकला. गोपाल रडवेला झालेला पाहून तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"बस, बाबू. खेळ तू," ती मायेनं म्हणाली.

छकुलीनं तोवर चपला घातल्या होत्या.