रविवारची तालीम

"कोणी हलायचं नाही!"

योगेंद्रनं लाथेनं दार उघडलं आणि आत येऊन आवाज चढवला. लीलाबाईंच्या घरात अकरा माणसं डोळे मिटून गुडघ्यांवर बसली होती. हलायला सांगितलं असतं तरी त्यांना पटकन हलता आलं नसतं, कारण त्यातले निम्मे गुडघे साठीच्या पुढचे होते. योगेंद्रच्या मागे त्याचा दोस्त परसराम मोबाईल उंच धरून चित्रण करत होता. दोघांना पुरावा हवा होता.

लीलाबाई दर रविवारी सकाळी येशूची प्रार्थना करतात, हे गावाला वर्षानुवर्षं ठाऊक होतं. कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण यंदा गावात वेगळंच वारं शिरलं होतं. मागच्या महिन्यात नदीपलीकडच्या एका गावातून असंच चित्रण पोलीस ठाण्यात गेलं. जबरदस्तीनं धर्म बदलवतात म्हणून चार माणसं आठवडाभर आत बसली. सुटून आली, तर त्यांच्या धानाच्या कापणीला एक माणूस फिरकला नाही. लीलाबाईंचंही धान कापणीला आलं होतं.

त्या घाबरल्या. चांगल्याच घाबरल्या. पण त्यांच्या नवऱ्यानं झाडीपट्टीच्या नाटकांत तीस वर्षं पेटी वाजवली होती, आणि ऐन वेळी नट पळाला की काय करायचं, हे घरात राहून त्या शिकल्या होत्या.

"आवाज देऊन येत जा ना रे बाबू," त्या म्हणाल्या. "रंगात आलेली तालीम मोडली."

"कायची तालीम?"

"मंडईच्या नाटकाची."

बाकीच्या दहा जणांनी डोळे आणखी घट्ट मिटले. वरती या वाक्याची नोंद झाली असेल तर झाली.

योगेंद्रचा आवाज आपोआप खाली आला. दिवाळीनंतर इकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते, रात्रभर नाटक चालतं, आणि नाटकाचं नाव निघालं की भांडायला आलेला माणूसही चप्पल दाराशी काढून आत येतो. योगेंद्र तर नऊ वर्षं गावच्या नाटकात काम करत होता. नऊही वर्षं त्याचं वाक्य एकच होतं, "सरकार, पत्र आलं आहे." ते म्हणून तो मागच्या मागे जायचा.

"नायक कोण हाय?" त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तोच तर मिळून नाही राहिला. सारा गाव त्याच्या अंगावर येते, दार मोडते. अन् तो हात उचलत नाही."

"काहून? भेकड हाय का?"

"हात तर भेकडही उचलते, बाबू. न उचलाले छाती लागते. ते आपल्या गावात कोणाची हाय?"

योगेंद्रनं परसरामकडे पाहिलं. मग शर्ट नीट खोचला आणि बरोबर मधोमध गुडघ्यांवर बसला. हात जोडले. परसरामला म्हणाला, "उजव्या बाजूनं घे. तिकडून चेहरा बरा दिसते."

"मोबाईल भरला गा," परसराम म्हणाला.

"मंग पहिलंवालं काढून टाक. त्यात नुसत्या बायांच्या पाठी हायेत."

परसरामनं ते काढून टाकलं. लीलाबाईंनी हळूच वाक्य पुरवलं आणि योगेंद्रनं ते छताकडे बघत म्हटलं, "देवा, हे लोक माहं घर मोडाले आले. यायच्या घरी भात शिजू दे."

पहिल्यांदा तो ओरडला. लीलाबाई म्हणाल्या, देव बहिरा नाही. दुसऱ्यांदा घाईत म्हणाला. तिसऱ्यांदा मात्र 'यायच्या घरी' म्हणताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि पुढचे शब्द नुसते पुटपुटल्यासारखे निघाले. खोलीत कुणी हललं नाही. मग सवयीनं अकराही जण एका सुरात म्हणाले, "आमेन."

त्या दिवशी योगेंद्र चहा पिऊन, दाराची कडी स्वतः ठोकून देऊन घरी गेला.

संध्याकाळी त्यानं मंडईच्या कमिटीत विचारलं, तेव्हा कळलं की यंदा नाटक बाहेरून आणलेल्या वडशाच्या कंपनीचं आहे. गावातली कसलीही तालीम चालू नाही. तो कसा फसला हे ऐकून चौकातली माणसं पोट धरधरून हसली. योगेंद्रला रात्री जेवण गेलं नाही.

सोमवारी तो परसरामला घेऊन ठाण्यात गेला. लीलाबाईंना बोलावणं गेलं. पिशवीत दुसरं लुगडं घेऊनच त्या आल्या. आज परत जाऊ देतील, असं त्यांना वाटत नव्हतं. ठाण्याच्या बाकावर बसल्या तेव्हा कोणतंही नाटक त्यांना सुचत नव्हतं.

ठाणेदारांनी चित्रण दोनदा पाहिलं.

"यात तर प्रार्थना करणारे तुम्हीच आहात," ते म्हणाले.

"फसवलं, साहेब! नाटक नव्हतंच ते!"

"म्हणजे खरी प्रार्थना होती?"

ठाणेदारांनी कागद पुढे ओढला, पेन उघडलं.

"सरळ सांगा. ही प्रार्थना या बाईंनी तुमच्याकडून जबरदस्तीनं करवून घेतली का? हो म्हणा, आत्ता गुन्हा दाखल करतो."

लीलाबाईंनी पिशवी छातीशी धरली. परसराम कोपरानं ढोसत होता. एका शब्दाचं काम होतं. टेबलावरच्या मोबाईलमध्ये योगेंद्र अजून हात जोडून बसला होता. योगेंद्रनं तिकडे पाहिलं.

"जबरदस्ती नाही जी, साहेब," तो म्हणाला. "रडू तर मले खरंच आलं होतं."