तुळसाबाई पुन्हा नापास

बंटीने तोंडावर रुमाल धरला, फोन स्पीकरवर टाकला आणि भारदस्त आवाज काढला.

"मॅडम, मी बँकेतून बोलतोय. तुमचं कार्ड आज बंद होणार आहे."

"अगंबाई! बंद?" पलीकडे विनीतची आई, तुळसाबाई. "थांबा हं साहेब, कुकर उतरवते."

शेजारी बसलेल्या विनीतने फोनपुढे हात जोडले. ठेव गं आई, ठेव फोन.

तिने फोन ठेवला नाही. कुकर उतरवला, चष्मा शोधला, कार्ड शोधलं आणि पाढे म्हणावेत तसे कार्डावरचे सगळे आकडे खणखणीत म्हणून दाखवले. वर म्हणाली, "साहेब, मागचे तीन राहिले की तुमचे. घ्या लिहून."

बंटीलाच लाज वाटली. "थँक्यू मावशी," तो बोलून गेला.

विनीतने त्याला सणसणीत चिमटा काढला.

"आई गं! म्हणजे... मॅडम."

"आवाज बसलाय तुमचा. आल्याचा चहा घ्या," म्हणून तिने फोन ठेवला.

"अबे, आज पण गेली," बंटी रुमाल झटकत म्हणाला. "तुझी आई ना, चोर सापडला नाही तर पत्ता विचारत जाऊन आकडे देऊन येईल."

विनीतला हसू आलं नाही. बाबांनी जन्मभर कारखान्यात घाम गाळून जे काही मागे ठेवलं, ते सगळं त्या एका कार्डाच्या भरवशावर होतं. आई राहायची त्या मोहन्यातच, तिच्या चाळीमागे राहणाऱ्या एका मास्तरांचं खातं अशाच एका फोनवर धुऊन निघालेलं. तेव्हापासून विनीतची झोप उडालेली. आईची गुपचूप परीक्षा घ्यायची आयडिया त्याचीच. आवाज बंटीचा, सिम दोघांच्या कोपरीतल्या मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानातलं. आई नापास झाली, की येत्या रविवारी कळव्याहून बाइक काढायची आणि मोहन्याला जाऊन शिकवणी घ्यायची. गणपती आणि शिमगा सोडला तर तिकडे न फिरकणारा माणूस, पण आता इलाजच नव्हता.

रविवारी तो पोचला, तेव्हा कोलंबीचं कालवण रटरटत होतं. शेजारच्या गोदूबाई उद्याच्या बिरड्यासाठी वाल सोलत बसलेल्या.

"आई, ह्या आठवड्यात कुणाचा फोन आलेला?"

"बँकेतला पोरगा होता रे. गुणी वाटला."

"आकडे दिलेस?"

"मागितले म्हणून दिले. दारी आलेल्याला नाही कसं म्हणायचं?"

"दारी नाही गं, फोनवर! बँक कधीच आकडे मागत नाही. कार्डाचा नंबर, मागचे तीन, पिन, ओटीपी... कुणाला म्हणजे कुणाला द्यायचे नाहीत. मी मागितले तरी नाही!"

"तू मागितलेस तरी नाही," तुळसाबाईने शहाण्या मुलीसारखी मान हलवली.

"चला, प्रॅक्टिस करू. गोदूकाकी, तुम्ही चोर."

गोदूबाईंनी टीव्हीचा रिमोट कानाला लावला. "हॅलो, मी चोर बोलत्ये."

"काकी, चोर असं सांगतो का?"

"मग काय ह्या वयात खोटं बोलू?"

"बरं, बँकेची बाई म्हणा."

"हॅलो, मी बँकेची बाई. तुळसा, पिन सांग गो."

तुळसाबाईने सांगितला. वर विचारलं, "भाकरी खाऊनच जाशील ना?"

विनीतने कपाळावर हात मारला. पहिली भाकरी त्याने रागाने खाल्ली, दुसरी कालवणासाठी, तिसरी आईने न विचारता वाढली. हात धुऊन आल्यावर तो म्हणाला, "हे बघ आई, पुन्हा कुणाला आकडे दिलेस, तर कार्ड मी घेऊन जाणार. आणि नाही दिलेस, तर मी निर्धास्त. मग दर रविवारी तुझं डोकं खायला यायला नको."

तुळसाबाईचा डाव कालवणातच थांबला.

"आत्ताच ने ते कार्ड," ती म्हणाली. "मला मेलं जमतच नाही. लागतील तसे पैसे तू आणून देत जा."

विनीतला गलबलून आलं. "असं नको गं करू. जमेल तुला. एक शेवटचा चान्स."

खाली येऊन त्याने बाइकला किक मारली आणि आठवलं, प्राचीसाठी भरलेला कालवणाचा डबा ओट्यावरच राहिला. बायको घरात घेणार नाही. तो पुन्हा जिना चढला. दार नुसतं लोटलेलं. तो चप्पल काढतोय तोवर आत फोन वाजला.

"कोण? बँकेतून?" आईचा आवाज.

बंटी तर सासुरवाडीला गेलेला. म्हणजे हा खरा चोर! त्याने दार ढकलायला हात उचलला.

"कार्ड बंद होणार? होऊ दे. मेल्या, रविवारचा कुठला एवढा कामसू तू? नंबर आलाय तुझा माझ्याकडे. आता एकोणीसशे तीसला लावते फोन, सायबरवाल्यांना. ते विचारतील तुला आकडे. ठेव!"

आत वाल सोलणं चालूच होतं.

"अगो तुळसा," गोदूबाई म्हणाल्या, "ह्याला नाही दिलेस ते आकडे?"

"ह्याला देऊन काय उपयोग? बंटीला दिले, की विनीत रविवारी जेवायला तरी येतो."