ढोल्याचं पथ्य

"हे अजून किती दिवस चालायचंय?" अण्णांनी ओट्यावरच्या पातेल्याकडे बोट दाखवलं.

"डॉक्टर म्हणाल्या, अजून आठवडाभर मऊच द्या." सून पर्स खांद्याला लावत होती. "दाढ काढलीये हो त्याची. अकरा वर्षांचा आहे."

"मागच्या आठवड्यातही आठवडाभरच होतं."

सून नुसती हसली. "तुमचे टोस्ट टेबलावर आहेत. आणि अण्णा, पातेल्यातलं ढोल्याला घालू नका बरं का. मी संध्याकाळी आल्यावर माझ्या हातानं घालीन."

दार लागलं आणि अण्णांचा पारा चढला. कुत्र्याला जेवण घालण्याच्याही लायकीचे उरलो नाही आपण!

ढोल्याची दाढ काढली त्याला महिना होत आला होता. पहिले दोन दिवस तो कोपऱ्यात कण्हत पडला होता, तेव्हा अण्णांनीच त्याचं तोंड ओल्या फडक्यानं टिपलं होतं, गोळी चमच्यात विरघळवून पाजली होती. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. जीव आहे, दुखणारच. पण त्यानंतरचे लाड? रोज सकाळी उठून भात, गाजर, अंडं घोटायचं, अगदी लोण्यासारखं मऊ. आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसापुढे काय, तर टोस्ट!

मध्यंतरी सुनेनं त्यांच्यापुढेही एकदा सूप ठेवलं होतं. दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन यायचं का, असंही भीतभीत विचारलं होतं. अण्णांनी वाटी परत सरकवली होती. "आजाऱ्याचं जेवण माझ्यापुढे आणू नकोस. माझे दात अजून लोखंड फोडतील." तो विषय तिथंच मिटला होता.

अण्णा टेबलाशी बसले. एक टोस्ट चहात बुडवून बुडवून संपवला. उरलेले तीन नेहमीप्रमाणे टेबलाखाली गेले. ढोल्यानं ते कडाकड फोडले आणि आणखी मागायला शेपटी हलवली.

"ढोंगी लेकाचा! म्हणे दाढ काढलीये."

मग ते पातेल्याकडे वळले. बिस्किटांच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होते ते. त्यांनी चव घेतल्याशिवाय एक खोका कधी फाटकाबाहेर गेला नव्हता. सवय ती सवय. एक चमचा फार गरम नाही ना, हे पाहायला. दुसरा मिठासाठी. मीठ बेताचं, मिरपूड चिमूटभर, कांदा छान खमंग परतलेला. तिसरा, गाजर शिजलंय का ते कळावं म्हणून. ही तपासणी रोज पातेल्याचा तळ दिसेपर्यंत चालायची. मग उरलेले चार घास अण्णा कडेनं पसरून ठेवायचे.

संध्याकाळी सून पातेलं उचलून मागच्या दाराशी जायची. "आटलं वाटतं," एवढंच म्हणायची.

"शिजवलेलं आटतंच," अण्णा पेपरातून मान वर न करता म्हणायचे.

पण आज पातेल्यात वरून चीज किसलेलं होतं. चीज! अण्णा चमचा धरून उभेच राहिले. लग्न होऊन आल्यापासून या मुलीनं आपल्याला कधी चीज किसून दिलं होतं?

आता सोक्षमोक्षच लावायचा. डॉक्टरीणबाईंनी आज हे पथ्य थांबवलं नाही, तर बॅग भरायची आणि लेकीकडे जायचं, कायमचं. जिथं कुत्र्याच्या खालोखाल आपला नंबर, तिथं राहायचं कशाला? बॅग त्यांनी माळ्यावरून काढूनही ठेवली. मग पातेल्यातला नमुना एका डब्यात भरला, जुन्या सवयीनं डब्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवली, ढोल्याच्या गळ्यात पट्टा अडकवला आणि तरातरा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी ढोल्याचा जबडा उघडला, हिरडी दाबून पाहिली. "वा! झकास भरलीये जखम."

"मग हे पथ्य कशासाठी? रोज तीन टोस्ट फोडतो हा. माझ्या डोळ्यांदेखत!"

"कसलं पथ्य, काका? दहाव्या दिवशीच मी नेहमीचं खाणं सुरू करायला सांगितलं. सूनबाईंनी तेव्हाच कडक दाण्यांची मोठी पिशवी नेली की."

अण्णांच्या कानशिलाची शीर तडतडली. "म्हणजे धडधडीत खोटं! कुत्र्याचे लाड पुरवायला सासऱ्याशी खोटं बोलली ती!" त्यांनी डबा टेबलावर आदळला. "हा बघा नमुना. आज सकाळचा आहे."

डॉक्टरीणबाईंनी झाकण काढून वास घेतला. चमच्यानं ढवळलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"यात कांदा आहे?"

"आहे ना. परतलेला. मीठही अगदी नेमकं पडलंय."

"काका, कांदा कुत्र्याला विष असतो!" त्या पुन्हा घाईनं ढोल्यावर वाकल्या. "यानं किती खाल्लंय हे?"

"छे, आज नाही. ती मला घालूच देत नाही. संध्याकाळी स्वतः..."

"आणि संध्याकाळपर्यंत पातेल्यात किती उरतं?"

अण्णा डब्यावरची तारखेची चिठ्ठी नखानं सरळ करू लागले. ढोल्या त्यांच्या पायाशी अंग टाकून निवांत बसला होता.

डॉक्टरीणबाई सरळ झाल्या. त्यांनी डब्यातल्या चीजकडे पाहिलं, मग अण्णांच्या सुजलेल्या गालाकडे. डब्याचं झाकण लावून तो त्यांनी हळूच अण्णांपुढे सरकवला.

"काका, तुमच्या घरात आणखी कोणाला चावायचा त्रास आहे का?"