कार्ड टिकलं

निवृत्तीबरोबर सबनीसांचे कंपनीच्या खर्चाचे विमानप्रवास संपले, पण विमानकंपनीच्या सोनेरी कार्डाचा मोह काही सुटेना. वेगळी रांग आणि काउंटरवरच्या मुलीनं नाव घेऊन केलेलं स्वागत, एवढाच मान आता उरला होता. कार्ड टिकवायला दोन उड्डाणं कमी पडत होती आणि मुदतीचा एकच दिवस उरला होता. म्हणून त्यांनी पदरमोड करून पुण्याहून हैदराबादला जायचं आणि लगेच परत यायचं तिकीट काढलं. बायकोला सांगितलं, जुन्या ऑफिसचं काम आहे.

हैदराबादला उतरून ते पुन्हा आत जायच्या दाराकडे निघाले, तोच मागून हाक आली, "बाबा!"

त्यांची मुलगी सासूबाईंना सोडायला आली होती. कडेवर पाच महिन्यांचं बाळ होतं. सबनीसांनी नातवाला अजून पाहिलंच नव्हतं.

"आई बोललीसुद्धा नाही, तुम्ही येताय ते," ती हरखून म्हणाली. "बघ रे, आजोबा आले तुला भेटायला. बॅग कुठाय, बाबा?"

"बॅग नाही गं. तासाभरात परतीचं विमान आहे." मग त्यांनी चाचरत कार्डाचं सांगितलं.

"आणि हे विमान सोडलं तर?"

"कार्ड जाईल."

बाळ त्यांच्याकडे झेपावलं. तिनं त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. "निघा तुम्ही. उशीर होईल."

नवं कार्ड आलं तेव्हा सबनीस घरी एकटेच होते. बायको नातवाच्या उष्टावणाला हैदराबादला गेली होती. तुम्हीही चला, असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.