ठुशीखालची रेघ

मुलगी समोर येऊन बसली आणि मालिनीबाईंची नजर तिच्या गळ्यातल्या ठुशीवर अडकली. मुलासाठी स्थळ बघताना सोनं सगळ्याच आया बघतात. ठुशीखाली काय काय मावतं, हे मात्र मालिनीबाईंनाच ठाऊक.

“घडण छान आहे. काढून दाखवतेस, बाळ?”

ठुशीखालून टाक्यांची आडवी रेघ निघाली.

“थायरॉइडची ग्रंथी काढलीय,” मुलीची आई घाईने म्हणाली. “तिचं काम आता रोजची गोळी करते. संसाराला काही अडचण नाही.”

“असेल हो. पण आमच्या घरात असलं आजारपण नाही.”

“तुमचीही ठुशी छान आहे, काकू,” मुलगी शांतपणे म्हणाली.

मालिनीबाईंचा हात गळ्याशी गेला. तिथली तसलीच रेघ लहानपणी पडल्याची खूण म्हणून सासरी खपली होती. गोळ्या तीस वर्षं देवघरात, अंगाऱ्याच्या डबीत.

“कळवू,” म्हणत त्यांनी पदर मानेभोवती ओढून घेतला.