कोरा चौकोन

फुटबॉलचा वर्ल्डकप आला की प्रभुलिंग पेंटर तालमीच्या भिंतीवर खेळणाऱ्या देशांचे झेंडे रंगवायचा आणि शेवटी एक चौकोन कोरा सोडायचा. तो भारताचा, असा म्हाताऱ्या आप्पांचा हुकूम होता. भारत अजून एकदाही वर्ल्डकप खेळला नव्हता. यंदा देश बत्तिसाचे अठ्ठेचाळीस झाले आणि झेंड्यांतच भिंत संपली. उरली फक्त तालमीच्या फुटबॉल संघानं जिंकलेल्या चषकाची तिथं लिहिलेली ओळ, तिच्यात विजयी गोल मारणाऱ्या आप्पांचं नाव. पेठेची शान ती. तिला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती. “आप्पा, औंदा जागा न्हाय. भारताचं फुडच्या बारीला बघू.” आप्पांनी चुन्याचा कुंचला उचलला आणि सरळ स्वतःच्या नावावरून फिरवला. “ह्ये काय केलासा?” “तिकडं त्यांनी दार रुंद केलंय, आणि तू हितं जागा न्हाय म्हणतोस व्हय?” प्रभुलिंगनं चौकोन आखला, बाकीच्या झेंड्यांपेक्षा वीतभर मोठा.