ओलं फडकं

सिंधूनं भावाला किडनी द्यायचं ठरवलं, तेव्हापासून तपासणीत काहीतरी खोट निघावी म्हणून मी मनातल्या मनात देवाला विनवत होतो. आज नांदेडच्या लॅबमधल्या मॅडम म्हणाल्या, “लघवीत क्रिस्टल दिसतायत, म्हणजे क्षाराचे बारीक खडे.” सिंधूचा चेहरा पडला. माझ्या जिवात जीव आला. मॅडमनी गढूळ बाटली उजेडात धरली. “नमुना कधीचा?” “पहाटेचा,” सिंधू म्हणाली. “इस्लापूरहून येईस्तोवर नासू नये म्हणून यांनी दुधासारखा ओल्या फडक्यात गुंडाळून आणला.” मॅडमनी हसून बाटली कोमट पाण्यात ठेवली. बघता बघता गढूळपणा विरला. “गारठ्यानं जमले होते, ताई. हा आजार नाही.” माझे डोळे भरून आले. बाहेर येताच सिंधूनं तेच ओलं फडकं माझ्या हातात दिलं. “डोळे पुसा. तुमच्या मनात काय होतं, ठाव हाय मला. भाऊ हाय त्यो माझा.”